मुक्तस्रोत संगणकप्रकल्पांतील आचारमर्यादा आणि परिरक्षकांचे वाद

१. विषयप्रवेश

अनेकांनी मिळून एखादी कृती निर्माण करावयाची, ती सर्वांना खुली ठेवावयाची आणि तरीही तिची शुद्धी व एकसूत्रता राखावयाची, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आलेला नाही. तथापि मुक्तस्रोत आज्ञावलींच्या गेल्या चाळीस वर्षांच्या इतिहासात तो जितक्या स्पष्टपणे मांडला गेला, तितका क्वचितच अन्यत्र मांडला गेला असेल. या आज्ञावलींची मूळसंहिता कोणासही वाचता येते, बदलता येते व बदललेल्या रूपात वाटता येते. मात्र प्रत्येक प्रकल्पाची एक मान्य प्रत असते आणि त्या प्रतीत कोणता बदल घ्यावयाचा व कोणता नाकारावयाचा, याचा निर्णय एक किंवा काही व्यक्ती करीत असतात. त्यांना इंग्रजीतून आलेल्या शब्दाने ‘मेंटेनर’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांच्यासाठी ‘परिरक्षक’ हा शब्द योजिला आहे. मूळसंहितेची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प उभारणे, ज्याला ‘फोर्क’ म्हणतात, त्यासाठी ‘फाटा’ हा शब्द वापरला आहे.

मराठीत ‘संहिता’ हा शब्द मूळ ग्रंथपाठासही लागतो आणि ‘आचारसंहिता’ या सामासिक शब्दात वर्तनाच्या नियमांनाही लागतो. या दोन संहितांचा परस्परसंबंध कसा बदलत गेला, हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय होय. मूळसंहितेवर सर्वांचा हक्क आहे हे परवान्याने ठरते; परंतु तिच्यावर काम करणाऱ्यांच्या मेळ्यात कोणी कसे वागावे, कोणाचा नकार अंतिम मानावा आणि नकार देणाऱ्याने कोणत्या भाषेत तो द्यावा, हे परवान्याने ठरत नाही. येथूनच वादांचा उगम होतो.

२. एक पूर्वपरंपरा

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास या प्रश्नाचे एक जुने रूप परिचित आहे. चक्रधरस्वामींच्या पश्चात महानुभाव पंथाचे आचार्यपद नागदेवाचार्यांकडे आले. म्हाइंभटांनी इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात, प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडून आठवणी मिळवून आणि नागदेवाचार्यांकडून त्यांची शहानिशा करून घेऊन, ऋद्धिपूर येथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ पोथ्या हरपल्या व स्मृतीवरून पाठ पुन्हा जुळवावे लागले. त्यामुळे एकाच लीळेचे भिन्न पाठ निर्माण झाले आणि काही पाठभेद ज्या व्यक्तीच्या आठवणीतून आले तिच्या नावानिशी ग्रंथात नोंदले गेले. हिराइसेचा पाठ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

या परंपरेतील तीन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. एक, पाठाची शहानिशा करणारा अधिकारी पुरुष सर्वांना मान्य होता. दोन, ग्रंथरचना संस्कृतात न होता मराठीत व्हावी, म्हणजे सामान्य स्त्रीपुरुष वंचित राहणार नाहीत, असा नागदेवाचार्यांचा आग्रह होता; म्हणजेच संहितेच्या रूपाचा निर्णय वाचकवर्गाच्या हिताशी जोडला गेला होता. तीन, ज्याच्या शब्दाने वाद मिटावा असा सर्वमान्य आचार्य पुढे राहिला नाही, तेव्हा पंथात आम्नाय पडले. त्यांची संख्या परंपरेने तेरा सांगितली जाते. महानुभावांनी पोथ्या सांकेतिक सकळ लिपीत लिहून बाहेरच्यांना बंद केल्या, हा मुक्तस्रोतापेक्षा अगदी विरुद्ध मार्ग होय, हे विसरता येत नाही. परंतु सामाईक संहिता, तिचा परिरक्षक आणि त्याच्या अभावी पडणारे फाटे, ही साखळी दोन्हीकडे सारखीच दिसते.

३. परवाना बोलका, आचार मुका

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९मध्ये त्याच्या सार्वजनिक परवान्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. १९९१मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘लिनक्स’ या मध्यवर्ती आज्ञावलीचा आरंभ केला. ‘ओपन सोर्स’ हे नाव मात्र फेब्रुवारी १९९८मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचविले. या पंधरा वर्षांत वापरकर्त्याच्या हक्कांची भाषा अत्यंत काटेकोर झाली. सहकाऱ्याशी कसे बोलावे यासंबंधी मात्र लेखी स्वरूपात फारच थोडे सांगितले गेले. जाळ्यावरील शिष्टाचारासंबंधीची एक सर्वसाधारण नियमावली ऑक्टोबर १९९५मध्ये क्रमांक १८५५ची टिप्पणी म्हणून प्रसिद्ध झाली होती. पण तिचे स्वरूप नवख्यांना केलेल्या उपदेशाचे होते, बंधनाचे नव्हते.

आचाराविषयीचे हे मौन निष्परिणाम राहिले नाही. डिसेंबर १९९४मध्ये ‘नेटबीएसडी’ प्रकल्पाच्या मुख्य मंडळाने आपल्या संस्थापकांपैकी एक असलेल्या थिओ डी राट यांस पदत्याग करावयास सांगितले. त्यासाठी दिलेले कारण तांत्रिक नव्हते. वापरकर्त्यांशी व सहकाऱ्यांशी असलेल्या त्यांच्या वागणुकीचे होते. दोन्ही बाजूंचा दीर्घ पत्रव्यवहार निष्फळ ठरल्यावर ऑक्टोबर १९९५मध्ये ‘ओपनबीएसडी’ हा फाटा निघाला. याच प्रकल्पातून १९९९मध्ये ‘ओपनएसएसएच’ ही सुरक्षित संपर्काची आज्ञावली निर्माण झाली आणि ती जगभर रूढ झाली. कलहातून फुटलेला फाटा सर्वांच्या उपयोगी पडला, असे हे उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण ‘जीसीसी’ या अनुवादक आज्ञावलीचे. मान्य प्रतीत बदल स्वीकारण्याची गती अतिशय मंद आहे आणि निर्णय मोजक्या व्यक्तींच्या हाती आहेत, अशी तक्रार करीत काही कार्यकर्त्यांनी १९९७मध्ये ‘ईजीसीएस’ हा फाटा काढला. तो इतका जोमाने वाढला की एप्रिल १९९९मध्ये मूळ प्रकल्पाच्या चालकांनी तोच अधिकृत म्हणून स्वीकारला. या दोन घटनांवरून त्या पिढीत एक समज दृढ झाला: परिरक्षकाच्या अधिकारावर खरा अंकुश फाट्याच्या शक्यतेचा असतो, वेगळे नियम करण्याची गरज नाही. हा समज कितपत खरा, याचा विचार पुढे करावयाचा आहे.

४. घटनात्मक व्यवस्थांचा काळ

या समजाला छेद देणारा पहिला मोठा प्रयत्न ‘डेबियन’ प्रकल्पाने केला. १९९३मध्ये इयन मर्डॉक यांनी स्थापिलेल्या या प्रकल्पाने १९९७मध्ये आपला सामाजिक करार आणि डिसेंबर १९९८मध्ये लेखी घटना स्वीकारली. प्रमुखाची दरवर्षी निवडणूक, पसंतीक्रमाने मतदान आणि तांत्रिक तंट्यांसाठी स्वतंत्र समिती, ही तिची प्रमुख अंगे होत. तिच्यातील एक तत्त्व विशेष मननीय आहे. कोणाही सभासदावर काम करण्याचे बंधन नाही. मात्र रीतसर झालेल्या निर्णयाच्या विरुद्ध त्याने काम करू नये. स्वेच्छेने काम करणाऱ्यांच्या समाजात आज्ञेचे क्षेत्र किती मर्यादित असते, याची ही नेमकी जाणीव होय.

इतरत्र ही व्यवस्था संकटानंतरच आली. दृश्य पटलाची आज्ञावली असलेल्या ‘एक्सफ्री८६’ प्रकल्पाने मार्च २००३मध्ये कीथ पॅकर्ड यांस मुख्य मंडळातून काढले आणि फेब्रुवारी २००४मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या. परिणामी बहुतेक वितरकांनी व कार्यकर्त्यांनी ‘एक्स.ऑर्ग’कडे मोर्चा वळविला आणि मूळ प्रकल्प निस्तेज झाला. २०१०मध्ये ‘ओपनऑफिस’मधून ‘लिब्रेऑफिस’ निघाले. डिसेंबर २०१४मध्ये ‘नोड’ प्रकल्पातून ‘आयओ’ हा फाटा फुटला आणि २०१५मध्ये स्वतंत्र प्रतिष्ठानाच्या छत्राखाली दोन्ही पुन्हा एक झाले. ‘पायथन’ भाषेचे जनक खिदो फान रॉसुम यांनी जुलै २०१८मध्ये, एका लहानशा व्याकरणविषयक सुधारणेवरून झालेल्या तीव्र वादानंतर, अंतिम निर्णयाचा आपला अधिकार सोडला. सुधारणा मान्य झाली होती. परंतु ती मान्य करून घेण्यासाठी सोसावा लागलेला क्लेश त्यांना असह्य झाला. त्यांनी उत्तराधिकारी नेमला नाही. कार्यकर्त्यांनी मतदानाने नवी व्यवस्था निवडली आणि २०१९च्या आरंभी पाच जणांचे सुकाणूमंडळ अधिकारावर आले.

५. आचारसंहितांचा उदय

घटना निर्णयाची रीत ठरविते. ती भाषेची मर्यादा ठरवीत नाही. ‘उबुंटू’ने आपल्या आरंभीच्या काळातच आचारसंहिता स्वीकारली होती, परंतु या चळवळीस व्यापक गती मिळाली ती २०१०नंतर, परिषदांमधून स्त्रियांना होणाऱ्या उपद्रवाच्या तक्रारी उघडपणे मांडल्या जाऊ लागल्यावर. २०१४मध्ये कोरलिन एडा एम्की यांनी ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट’ हा आदर्श मसुदा तयार केला व पुढील काही वर्षांत असंख्य प्रकल्पांनी तो उचलला.

या संक्रमणाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण ‘लिनक्स’चे आहे. तेथील जाहीर पत्रव्यवहारात परिरक्षकांची, विशेषतः टोरवाल्ड्स यांची, भाषा अनेकदा शिवराळ असे. सदोष कामाचा कडक निषेध केल्याखेरीज दर्जा राहत नाही, असे तिचे समर्थन केले जाई. जुलै २०१३मध्ये सेज शार्प या परिरक्षकांनी या भाषेला उघड आक्षेप घेतला. मार्च २०१५मध्ये ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’ या नावाचा एक संक्षिप्त लेख प्रकल्पात समाविष्ट झाला. तुमच्या कामावर कठोर टीका होणारच, असे त्यात आधी बजाविले होते. व्यक्तिगत त्रास झाल्यास तांत्रिक सल्लागार मंडळाकडे जाण्याची वाट नंतर दाखविली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शार्प यांनी आपण काम सोडल्याचे जाहीर केले. अखेर १६ सप्टेंबर २०१८ रोजी टोरवाल्ड्स यांनी आपल्या वर्तनाबद्दल क्षमा मागितली, काही काळ रजा घेतली आणि ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट’वर आधारलेली आचारसंहिता लागू झाली. पुढची ४.१९ ही आवृत्ती ऑक्टोबर २०१८मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी प्रसिद्ध केली. नियम कसे लावावयाचे याचा खुलासा करणारा एक स्वतंत्र लेखही त्याच सुमारास जोडावा लागला. मूळ नियमापेक्षा त्याच्या भाष्याची निकड अधिक भासावी, हे धर्मशास्त्राच्या अभ्यासकास नवल वाटण्याजोगे नाही.

आचारसंहितांवरील आक्षेप दोन प्रकारचे होते. पहिला असा की, त्या एका विशिष्ट समाजाच्या संवेदना सर्वांवर लादतात. याच वातावरणात ‘एस्क्यूलाइट’च्या चालकांनी सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांचे मठनियम आपली आचारसंहिता म्हणून प्रसिद्ध केले, २०१८च्या ऑक्टोबरात त्यावर बराच गदारोळ झाल्यावर तिला नीतिसंहिता असे नाव दिले गेले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नियम लावणाऱ्यांवर नियम कोण लावणार? नोव्हेंबर २०२१मध्ये ‘रस्ट’ प्रकल्पाच्या संपूर्ण शिस्तपालक गटाने, मुख्य मंडळ कोणासही उत्तरदायी नाही असे सांगून, एकाच वेळी राजीनामे दिले. २०२३मध्ये तेथे नेतृत्वपरिषद स्थापन झाली ती या धक्क्यानंतर.

आचार आणि कार्यपद्धती यांची सीमारेषा किती धूसर असते, हे ‘बीकॅशएफएस’च्या प्रकरणात दिसले. ही संचिकाव्यवस्था ६.७ या आवृत्तीत ‘लिनक्स’मध्ये आली. नोव्हेंबर २०२४मध्ये तिचे परिरक्षक केंट ओव्हरस्ट्रीट यांच्या सहभागावर आचारसंहिता समितीच्या शिफारशीने एका आवृत्तीपुरते निर्बंध घालण्यात आले. त्यानंतरचा वाद मुख्यतः ठरलेल्या मुदतीनंतर मोठे बदल पाठविण्यासंबंधी होता. वापरकर्त्यांची साठविलेली माहिती वाचवावयाची तर विलंब चालणार नाही, ही एक बाजू. मुदत सर्वांना सारखी असल्याखेरीज एवढ्या मोठ्या प्रकल्पाचे नियमन अशक्य, ही दुसरी. २०२५मध्ये ही व्यवस्था मुख्य प्रतीतून वगळण्यात आली. दोन्ही पक्षांची कारणे स्वतंत्रपणे पाहिली तर सयुक्तिक होती. त्यांच्यामधील विश्वास मात्र उरला नव्हता.

६. परिरक्षकाचा भार

येथवरच्या इतिहासात परिरक्षक हा अधिकारी म्हणून दिसतो. २०१४नंतर त्याचे दुसरे रूप प्रकाशात आले. त्या वर्षी एप्रिलमध्ये ‘ओपनएसएसएल’मधील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला, तेव्हा जगाच्या व्यवहाराचा आधार असलेली ही आज्ञावली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे, अपुऱ्या साधनांनिशी, सांभाळीत होती हे कळून आले.

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी ‘एक्सझेड’ या संक्षेपक आज्ञावलीत मुद्दाम पेरलेली चोरवाट उघडकीस आणली. दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा शोध घेताना त्यांना ती सापडली. हा प्रकल्प अनेक वर्षे लासे कॉलिन हे जवळजवळ एकटे सांभाळीत होते आणि आपल्या प्रकृतीच्या व सवडीच्या मर्यादा त्यांनी २०२२मध्ये जाहीरपणे सांगितल्या होत्या. त्याच सुमारास काही अपरिचित नावांनी, काम मंद चालले आहे, दुसऱ्याच्या हाती द्या, असा तगादा सुरू झाला. ‘जिया तान’ या नावाने वावरणाऱ्या एका साहाय्यकाने क्रमाक्रमाने विश्वास संपादन केला, अधिकार मिळविले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत विषारी भाग घातला. या प्रकरणात आज्ञावलीच्या दोषाइतकाच आचाराचा दोष कारणीभूत झाला. विनामूल्य काम करणाऱ्या माणसाशी हक्काने व उद्धटपणे बोलण्याची सवय सर्वत्र रूढ होती. म्हणूनच तो तगादा कोणास संशयास्पद वाटला नाही. आचारसंहितांचा भर परिरक्षकाच्या भाषेवर होता. मागणी करणाऱ्याच्या भाषेकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले होते.

७. मराठी आणि कोलामी यांच्या संदर्भात

आचारसंहिता हा मूलतः भाषाव्यवहाराचा दस्तऐवज आहे आणि म्हणून तो भाषेभाषेत वेगळा ठरतो. इंग्रजीतील मध्यमपुरुषी सर्वनामाने आदराचा वा सलगीचा निर्णय टाळता येतो; मराठीत तो टाळता येत नाही. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांपैकी एक रूप घेताच बोलणाऱ्याने नाते जाहीर केलेले असते. वऱ्हाडातील दोन मित्रांच्या तोंडचे ‘अबे’ हे संबोधन जिव्हाळ्याचे असते. तेच अनोळखी माणसाने वापरले तर अपमान होतो. शब्द तोच, अर्थ नात्याने ठरतो. ‘लिनक्स’च्या आरंभीच्या लहान मेळ्यातील शिवराळपणास काहींनी सलगी मानले, त्याचे कारण हेच. मेळा हजारोंचा झाला, नाती विरली आणि केवळ शब्द उरले. लेखी नियमांची गरज नात्यांच्या या विरळपणातून उत्पन्न होते.

लहान समाजात ती का भासत नाही, हे यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यात पाहता येते. पैनगंगेपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा असलेल्या या तालुक्यात मराठी, गोंडी, तेलुगू व कोलामी अशा भाषा परस्परांच्या शेजारी नांदतात. कोलामांची वस्ती, म्हणजे पोड, लहान असते. तंटा चावडीवर नाईकासमोर मांडला जातो आणि प्रत्येकास दुसऱ्याचे कूळ व स्वभाव ठाऊक असतो. तेथे लेखी आचारसंहितेची उणीव जाणवत नाही. परंतु त्याच कोलामी भाषेचा शब्दकोश किंवा कळफलक मुक्तस्रोत पद्धतीने घडवावयाचा म्हटले, तर पोड आणि प्रकल्प यांच्या रीती समोरासमोर येतात. एमेनो यांनी १९५५मध्ये प्रसिद्ध केलेले वर्णनात्मक व्याकरण वर्ध्याकडील बोलीवर आधारलेले आहे. आदिलाबादकडील रूपे वेगळी आहेत. महाराष्ट्रात ही भाषा देवनागरीत लिहिली जाईल, तेलंगणात तेलुगू लिपीत. मान्य प्रत कोणती आणि ती ठरविणारा परिरक्षक कोण?

हा प्रश्न गोंडीपुढे उभा राहिलाच आहे. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८मध्ये रचिलेली लिपी २०१७मध्ये, आणि आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा येथील हस्तलिखितांची लिपी २०१८मध्ये, अशा दोन लिपी युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे समाविष्ट झाल्या. मराठीतही ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी असल्यामुळे आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतील भेद राखावा लागत असल्यामुळे, मुक्त टंकांच्या परिरक्षकास कोणते रूप आपोआप उमटावे याचा निर्णय करावा लागतो. शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने वर्णमालेचे प्रमाण रूप ठरविले असले तरी ते टंकात उतरविणे हे अखेर कोणा एका कार्यकर्त्याच्या हाती असते.

आता तिसऱ्या विभागात राहिलेल्या प्रश्नाकडे वळता येते. फाट्याची शक्यता हा परिरक्षकावरील पुरेसा अंकुश आहे काय? ‘ईजीसीएस’ यशस्वी झाले, कारण फाटा चालविण्यास पुरेशी कुशल माणसे उपलब्ध होती. २०११च्या जनगणनेत कोलामी मातृभाषा सांगणारे सुमारे १ लाख २८ हजार होते. त्यांपैकी संगणकाच्या मूळसंहितेवर काम करू शकणारे कितीसे असणार? अशा ठिकाणी दोन कार्यकर्त्यांचा बेबनाव झाला तर दोन प्रकल्प निर्माण होत नाहीत. एकही उरत नाही. परवान्याने दिलेला फाट्याचा हक्क सर्वांना सारखा असला तरी तो बजावण्याचे बळ मोठ्या भाषांपाशीच असते. म्हणून लहान भाषांच्या प्रकल्पांत निर्णयाची रीत, पदत्यागाची व उत्तराधिकाराची सोय आणि बोलण्याची मर्यादा ही आरंभीच, सलोखा असतानाच, ठरवून ठेवणे अगत्याचे ठरते.

८. समारोप

प्रस्तुत इतिहासाचे तीन टप्पे स्पष्ट दिसतात. पहिल्यात परवाना हाच एकमेव नियम होता आणि मतभेदाचा शेवट फाट्यात होई. दुसऱ्यात निर्णयाची रीत घटनेने बांधली गेली. तिसऱ्यात भाषेची मर्यादा लेखी झाली आणि परिरक्षक हाही थकणारा, फसविला जाऊ शकणारा माणूस आहे याची जाणीव आली. प्रत्येक टप्प्याने आधीच्याची उणीव भरली, पण त्याची जागा घेतली नाही. महानुभावांच्या पाठपरंपरेत भिन्न आठवणी ज्याच्या त्याच्या नावानिशी नोंदल्या गेल्या, त्यामुळे मतभेद होऊनही ग्रंथ टिकला आणि कोणाचे काय म्हणणे होते हे सातशे वर्षांनंतरही सांगता येते. झरी जामणीच्या एखाद्या पोडातील तरुणाने उद्या आपल्या भाषेचा कोश संगणकावर आणावयाचे ठरविले, तर चांगल्या टंकाइतकीच त्याला या शिस्तीचीही गरज पडेल: नकार कारणासह द्यावा, भिन्न रूप नावासह राखावे आणि काम खाली ठेवण्यापूर्वी ते दुसऱ्या ओळखीच्या हातात द्यावे.